टाकीला हात लावू नका

टेकडीच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत तिचा जीव मेटाकुटीला आला होता, आणि वर येऊन बघते तर तिच्या जागेवर कुणीतरी आधीच खुंट्या ठोकून ठेवलेल्या. नुसत्या खुंट्या नाहीत, चारी बाजूंनी दोरी ताणलेली आणि दोरीखाली फक्कीची पांढरी रेघ. जागा आपल्या बापाचीच असल्यासारखं ते सगळं ऐटीत मांडलेलं होतं.

तिने पाठीवरची पिशवी खाली टाकली, ओढणीने घाम पुसला आणि एकेक खुंटी उपटायला घेतली. तिसरी खुंटी हटून बसली होती. दोन्ही हातांनी ती ओढत असताना मागून आवाज आला, "जरा डावीकडे वाकवून ओढा. मीच ठोकलीय, सुखासुखी यायची नाही."

ती वळली. एक उंच, किडकिडीत मुलगा काखेत लाकडी फळी धरून उभा होता. उन्हाने नाकाची साल निघालेली, केसांत धूळ, आणि चेहऱ्यावर राग तर नाहीच, उलट फुकटात तमाशा बघायला मिळाल्याचं हसू. तिला त्या हसण्याचाच जास्त राग आला.

"ही जागा टाकीची आहे," ती म्हणाली.

"असं कसं? ही पॅनेलची आहे."

"टाकी उंचावरच लागते. पाणी आपल्या वजनाने खाली उतरायला हवं."

"आणि पॅनेलला ऊन लागतं. इथं सकाळचं पहिलं ऊन येतं आणि संध्याकाळचं शेवटचं जातं. आल्यापासून मी रोज इथं बसून बघतोय."

"नुसतं ऊन बघत बसता?"

"कामच ते आहे माझं," तो म्हणाला, आणि उपटलेली खुंटी तिच्या हातातून काढून घेऊन पुन्हा त्याच भोकात खोचली.

आता हे भांडण नीट कळायचं तर थोडं मागे जायला हवं. एक परदेशी संस्था होती. इंजिनीअरिंगच्या मुलामुलींना सुट्टीत बोलवायची आणि जगाच्या कानाकोपऱ्यात जिथं कुणाचं काही अडलं असेल तिथं कामाला पाठवायची. पगार नाही. झोपायला खाट, दोन वेळचं जेवण आणि जाताना एक प्रमाणपत्र. या वस्तीचं अडलं होतं पाण्यावाचून. ओढा खाली, घरं वर, आणि मधली सगळी चढण बायकांच्या मानेवर. बेत असा होता की ओढ्याचं पाणी उन्हावर चालणाऱ्या पंपाने टेकडीवर चढवायचं, टाकीत साठवायचं आणि टाकीतून वस्तीतल्या नळावर सोडायचं. पंपाची बाजू संस्थेच्या एका देशातल्या ऑफिसने आखली, टाकीची बाजू दुसऱ्या देशातल्या. दोन्ही नकाशे अगदी बिनचूक होते. फक्त दोघांनीही टेकडीचा तोच एक सपाट तुकडा धरला होता आणि हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ती सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला होती, टाकी बांधायला आलेली. त्याचं इलेक्ट्रिकल संपलं होतं, तो पंप बसवायला आलेला. दोघं धुसफुसत खाली शाळेच्या खोलीत ताईंसमोर जाऊन उभे राहिले. ताई म्हणजे या कामाच्या प्रमुख. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, पायात कायम गमबूट. त्यांनी दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले, खिडकीच्या उजेडात धरले आणि उसासा टाकला.

"भांडून घ्या पोटभर," त्या म्हणाल्या. "पण संध्याकाळी मला एकच नकाशा हवा. दोन आणलेत तर दोन्ही फाडीन."

पुन्हा चढण. पुन्हा घाम. वर आल्यावर त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "जागा दोघांना पुरेल. भीती आहे ती तुझ्या टाकीच्या सावलीची. सावली पॅनेलवर पडली की पंप गेलाच झोपी." 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"मग सावली कुठं पडते ते बघू ना," ती म्हणाली.

टाकीच्या उंचीचा एक बांबू शोधला. ती तो उभा धरून थांबली आणि तो बांबूच्या सावलीमागे फक्कीचं घमेलं घेऊन हिंडू लागला. दर थोड्या वेळाने एक पांढरी रेघ. ऊन सरकायचं, सावली सरकायची, तो सरकायचा. ती मात्र उभी.

"हलू नकोस," तो म्हणाला. "टाकी इतकी चुळबुळ करत नाही."

"टाकीच्या पायाला मुंग्या आल्यात."

"टाकी बोलतही नाही."

"टाकीला तहान लागलीय."

तो उठला, आपली बाटली घेऊन आला, झाकण काढून तिच्या हातात दिली आणि ती पाणी पिईपर्यंत बांबू स्वतः धरून राहिला. "बरोबरच आहे," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "टाकीत पाणी भरणं हे पंपाचंच काम."

तिला हसू आलं आणि ते लपवायला तिने आणखी एक घोट घेतला. संध्याकाळी ताईंना एकच नकाशा मिळाला. टाकी मागच्या कडेला, पॅनेल पुढे, मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. त्या वाटेने पुढे दोघं इतक्या वेळा आले-गेले की तिथलं गवतच संपलं.

स्वयंपाक करणाऱ्या मावशी वस्तीतल्याच. त्यांना या मुलांची लांबलचक नावं काही जमेनात. त्यांनी त्याला 'ऊनवाला' केलं आणि तिला 'टाकीवाली', आणि बघता बघता सगळी वस्ती तेच म्हणू लागली. जेवणाच्या रांगेत मावशी हाक मारायच्या, "ए ऊनवाल्या, तुझी टाकीवाली कुठाय?" त्या 'तुझी'वर दोघंही ताटात बघायचे. बाकीची मुलं एकमेकांना कोपर मारायची.

टाकी चढू लागली. विटांचा एक थर, मग दुसरा, मग तिच्या डोक्यावर. ती आत उतरून गिलावा करायची आणि तो काहीतरी निमित्त काढून शिडी चढून काठावर टेकायचा. आत गारवा असायचा, ओल्या सिमेंटचा वास असायचा, आणि वर आभाळाचा गोल तुकडा. त्या तुकड्यात त्याचं डोकं उगवलं की तिचा हात जरा हळू चालायचा.

"काय काम आहे?" ती खालून विचारायची. टाकी तेच वाक्य घुमवून तिलाच परत करायची.

"पाइप कुठून येणार ते बघतोय."

"काल पाहिलास ना?"

"काल नीट दिसला नव्हता."

"आणि परवा?"

"परवा... परवा ऊन डोळ्यांवर होतं."

"उन्हाचा एवढा अभ्यास केलेला माणूस तू," ती म्हणायची, "आणि तुलाच ऊन सोसत नाही." थापी पुन्हा चालू व्हायची, आणि तो जायचा नाही.

अशाच एका दुपारी त्याने सांगितलं की संस्थेने त्याला वर्षभर थांबायला विचारलंय. पंप चालवायला इथल्या माणसांना शिकवायचं. त्याने होकार दिला होता.

"वर्षभर?" ती म्हणाली.

"हं. आणि तू?"

"माझी परीक्षा आहे. शेवटची. तुकडी निघाली की चार दिवसांत."

"म्हणजे... जाणार."

"जायलाच हवं ना."

"हो, जायलाच हवं," तो म्हणाला आणि खाली उतरला. त्या दिवशी तिने एकच जागा तीनदा घोटून गुळगुळीत केली.

घरी फोन केला की आई तब्येतीचं विचारायची आणि मागून दादा ओरडायचा, "टाकीला खाली बादली लावून ठेव म्हणावं." दादाची ही जुनी थट्टा होती. लहानपणी तिने पाटाच्या पाण्यावर मातीचं धरण बांधलं होतं. ते फुटलं आणि शेजारच्या काकूंच्या अंगणात वाळत घातलेलं सगळं धान्य वाहून गेलं. तेव्हापासून हिच्या हातचं काही टिकत नाही, असं घरात हसत हसत ठरूनच गेलं होतं. तीही हसायची. पण परीक्षेत पाण्याचाच विषय एकदा राहिला तेव्हा ते हसणं तिला जमलं नव्हतं. ही टाकी उभी राहावी, पाणी धरावं, एवढंच तिला हवं होतं. बाकी कुणाला काही दाखवायचं नव्हतं, स्वतःलाच दाखवायचं होतं.

टाकीचं काम संपलं आणि चाचणीचा दिवस आला. ताईंची पद्धत ठरलेली. टाकीत पाणी भरायचं, पाण्याच्या रेषेवर आतून खिळ्याने ओरखडा काढायचा आणि पुरता एक दिवस टाकीला कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्या संध्याकाळी पाणी ओरखड्याला टेकलेलं असलं तर टाकी पास, मग तिच्यावर झाकण बसवायचं. आणि संस्थेचाही नियम होता, पास न झालेलं काम वस्तीच्या ताब्यात द्यायचं नाही. ते पुढच्या वर्षी येणाऱ्या तुकडीकडे जायचं.

नेमका तेव्हा तो तिथं नव्हता. पंपाचा एक भाग उडाला होता, तो आणायला दोन दिवस शहरात गेला होता. ताईंनी मागवलेल्या डिझेल पंपाने टाकी भरली आणि तिने एकटीने शिडीवर चढून ओरखडा काढला. टेकडी उगाचच मोठी वाटली.

"आता उद्या संध्याकाळपर्यंत वर फिरकायचं नाही," ताईंनी बजावलं. "सारखं बघत बसल्याने पाणी टिकत नाही."

दुसऱ्या दिवशी ती वस्तीत नळाच्या ओट्याचं काम करत राहिली. तो पहाटेच्या ट्रकने आल्याचं कळलं. दिवसभर तो खाली ओढ्यावर पंपाशी झटत होता. संध्याकाळी ती ताईंबरोबर वर गेली तेव्हा पॅनेल लख्ख धुतलेली दिसली, गेले कित्येक दिवस त्यांच्यावर तिच्याच सिमेंटची धूळ बसली होती. आल्या आल्या कामाला लागलाय, असं वाटून तिला त्याही धाकधुकीत बरं वाटलं.

मग ती शिडी चढली आणि आत बघितलं. पाणी ओरखड्याच्या दोन बोटं खाली होतं.

तिने पुन्हा बघितलं. खाली उतरून टाकीभोवती फिरली. भिंतीला तळहात लावला, गुडघे टेकून पायाची माती चिमटीत घेतली. कुठं ओल नाही, कुठं डाग नाही. म्हणजे तळातूनच जमिनीत मुरत असणार, आणि तळाचा गिलावा तिने स्वतः केला होता. ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताने तिला जास्तच रडू आलं.

जेवताना ताईंनी सगळ्यांना सांगितलं. तुकडी ठरल्याप्रमाणे परवा दुपारी निघेल. टाकी एकतर अशीच ठेवायची, म्हणजे वस्तीचं पाणी एक वर्ष लांबलं. नाहीतर रिकामी करून, तळ फोडून, पुन्हा गिलावा करायचा. त्याला तीन आठवडे लागतील, आणि कुणीतरी थांबायला हवं.

"मी थांबते," ती म्हणाली.

"तुझी परीक्षा आहे ना?"

"पुढच्या वर्षी देईन. माझी टाकी आहे, मीच दुरुस्त करणार."

समोर बसलेल्या त्याच्या हातातला घास हातातच राहिला. त्याचा चेहरा एकदा उजळला आणि लगेच पांढराफटक पडला. तिला वाटलं, बिचाऱ्याला वाईट वाटतंय आपल्यासाठी.

सकाळी ती छिन्नी-हातोडा घेऊन टेकडीवर गेली. आधी टाकी रिकामी करायची होती. तळाच्या पाइपची चावी धरून ती फिरवणार तोच वाटेवरून धावत येणाऱ्या पावलांचा आवाज आला, आणि त्याचा हात तिच्या हातावर पडला. तो धापा टाकत होता.

"नको... फिरवू नकोस."

"सोड. मला काम करू दे."

"टाकी गळत नाहीये."

"तुला काय माहीत?"

"पाणी मी काढलं," तो म्हणाला.

ती बघतच राहिली. तो चावीवरचा हात न काढता भराभरा सांगू लागला. पहाटे आला तेव्हा पॅनेलवर हा एवढा थर होता. तिला चकित करावं म्हणून धुवायला घेतली. ओढा पार खाली, आणि समोर टाकी भरलेली. चाचणी चालू आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, टाकीवरही काही लिहिलेलं नव्हतं. त्याने दोरीला बादली बांधली आणि सोडली आत.

"किती बादल्या?"

"मोजल्या नाहीत. दहा-पंधरा असतील."

"पॅनेलं धुवायला एवढं पाणी?"

त्याने मान खाली घातली. "आंघोळ पण केली."

एरवी ती हसून हसून लोळली असती. आत्ता तिला हसू आलं नाही. रात्रभर ती स्वतःला काय काय म्हणाली होती ते सगळं तिला आठवलं.

"आणि हे तुला कळलं कधी?"

"काल. जेवताना. ताई बोलल्या तेव्हा."

"काल?" तिने त्याचा हात झटकला. "काल जेवताना कळलं, आणि तू आज सकाळी सांगतोयस?"

वाऱ्याने पॅनेलची एक वायर खांबाला टकटक आपटत होती.

"तू थांबणार होतीस," तो अखेर म्हणाला. "तीन आठवडे. तू रडवेली झाली होतीस, आणि मला... मला बरं वाटलं. खोटं नाही सांगत. पाणी मी काढलं हे सांगितलं की तू जाणार, नाही सांगितलं की तू राहणार. मग डोळ्याला डोळा लागेना. तुझं वर्ष जाणार, तू चांगली टाकी फोडणार, आणि मी शेजारी उभा राहून विटा देणार? नाही जमलं. तू मला आवडतेस. फार. पण अशी नको."

हे ऐकायला ती किती दिवस थांबली होती, आणि ऐकायला मिळालं ते असं, छिन्नी हातात असताना. तिला संताप आला होता आणि रागाच्या खाली कुठंतरी खोल काहीतरी गोड हललं होतं. त्याचा तिला आणखी राग आला.

"पुन्हा चाचणी लावते," ती म्हणाली. "आणि ती संपेपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलायचं नाही."

ताईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. उद्या दुपारी ट्रक. आत्ता ओरखडा काढला तर उद्या सकाळी दिवस पुरा होत होता. "हिची टाकी, हिने बसावं," त्या म्हणाल्या. "आणि तूही बस. चोरालाच राखणीला बसवते, म्हणजे मला झोप लागेल."

तिने पाण्याच्या रेषेवर नवा ओरखडा काढला, आणि टाकीच्या अंगावर चारी बाजूंनी फक्कीने हातभर अक्षरांत लिहिलं, टाकीला हात लावू नका. मग ती टाकीच्या एका बाजूला बसली, तो दुसऱ्या बाजूला. मधे सगळं पाणी.

दुपारी मावशी जेवण घेऊन वर आल्या आणि त्यांना मधल्यामधे पोस्टमन व्हावं लागलं.

"मावशी, त्याला सांगा सावलीत बस. नाकाचं उरलंसुरलं कातडं जाईल."

मावशी टाकीला वळसा घालून गेल्या आणि परत आल्या. "म्हणतो, तिकडची सावली तुझी आहे. विचारल्याशिवाय कसा घेऊ?"

"म्हणावं, टाकीची सावली कुणाच्या मालकीची नसते."

मावशी पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. "म्हणतो, पहिल्या दिवशी तर खुंट्या उपटत होतीस." त्यांनी कमरेवर हात ठेवले. "मुली, माझे गुडघे दुखतात. तुमचं हे काय असेल ते लवकर मिटवा."

तिने तोंड फिरवलं. मावशींना तिचा हसरा गाल दिसायचा तो दिसलाच.

चार वाजून गेले आणि पलीकडच्या डोंगरावर ढग काळे झाले. तिने आधी कौतुकाने बघितलं, मग झटकन टाकीकडे. टाकीवर अजून झाकण नव्हतं. पाऊस आत पडला की पाणी वाढणार, ओरखडा बुडणार, आणि ट्रक सुटायच्या आत तिसरी चाचणी करायला दिवस उरलेला नव्हता. तिने टाकीच्या पलीकडे बघितलं. तो आधीच सिमेंटच्या ढिगावरची ताडपत्री ओढत होता.

दोघांनी न बोलता ती टाकीवर पसरली. एक टोक त्याने पॅनेलच्या खांबाला बांधलं, एक तिने शिडीला. उरलेल्या दोन टोकांना बांधायला काही नव्हतं, म्हणून एक तिने धरलं, एक त्याने. आणि पाऊस आला. आधी ताडपत्रीवर टपटप, मग ताशा वाजावा तसा. क्षणात दोघं नखशिखांत भिजले. ताडपत्रीच्या मधे पाणी साचून झोळ पडू लागला. त्याने भुवई उडवली, तिने मान हलवली, आणि दोघांनी एकदम टोकं उचलून पाणी बाहेर लोटलं. पुन्हा झोळ, पुन्हा भुवई, पुन्हा मान. काही न बोलता इतकं नीट जमतंय हे तिच्या लक्षात आलं आणि एकाएकी तिला सगळ्याचंच हसू फुटलं. पाण्यासाठी एवढा आटापिटा केला, आणि आता पाण्याने भरलेली टाकी पाण्यापासून वाचवत दोन इंजिनीअर पावसात उभे होते.

तोही हसत होता, आवाज न करता, ओठ घट्ट मिटून. केसांतून ओघळणारं पाणी त्याच्या सोललेल्या नाकावरून खाली पडत होतं.

"बोल," ती पावसावरून ओरडली.

त्याने टाकीकडे बोट केलं. चाचणी संपली नव्हती.

"मी म्हणते ना, बोल."

"काय बोलू? सकाळी सगळं सांगितलं."

"सगळं नाही सांगितलंस. मी गेले तर तुझं काय होईल ते तुला ठाऊक होतं. तरी सांगितलंस. का?"

त्याने झोळ रिकामा केला, टोक पुन्हा मुठीत आवळलं. "कारण आपली पहिली टाकी गळकी होती असं तू जन्मभर समजली असतीस," तो म्हणाला. "पुढच्या प्रत्येक टाकीच्या वेळी घाबरली असतीस. आणि खरं माहीत असून मला ते तुझ्या शेजारी बसून ऐकावं लागलं असतं."

"जन्मभर? शेजारी बसून?"

तो गडबडला. "म्हणजे... तू बसू दिलंस तर."

तिचा चेहरा इतका तापला होता की त्यावरच्या पावसाची वाफ झाली नाही हेच नवल. "टोक घट्ट धर," ती एवढंच म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी पावसात कुणाला दिसलं नाही.

सकाळी आभाळ स्वच्छ होतं. बातमी कुणी दिली कोण जाणे, निम्मी वस्ती टेकडीवर लोटली होती. ताईंनी ताडपत्री काढायला लावली आणि स्वतः शिडी चढल्या. त्या बराच वेळ आत वाकून राहिल्या. त्याच्याकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण तरी तिने बघितलंच. तो पाण्याकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता.

"ये, तूच सांग," ताई वरून म्हणाल्या.

ती चढली. पाणी ओरखड्याला चिकटून शांत पडलं होतं. एक केसभरही खाली नाही, वर नाही. तिने काठ दोन्ही हातांनी धरला. ही टाकी तिने बांधली होती, आणि ती पाणी धरून होती.

"पास," ती म्हणाली. आवाज टाकीत घुमला आणि सगळ्यांना ऐकू गेला.

चावी उघडली. पाइपमधून आधी नुसती हवा फुसफुसली, मग खाली वस्तीतून बायकांचा कल्ला ऐकू आला आणि माथ्यावरची सगळी माणसं उतरणीवरून धावत सुटली. मावशींचे गुडघेसुद्धा त्या दिवशी दुखले नाहीत. वर उरली तिघंच.

"ताई," ती म्हणाली, "हा एकच नळ झाला. घराघरात लाईन टाकायचं काम पुढच्या तुकडीला आहे ना? परीक्षा संपली की मी येते. माझं नाव लिहून घ्या."

"नळांसाठी?" ताईंनी विचारलं.

"नळांसाठी. आणि..."

"पुढचं नको सांगू. सगळ्या टेकडीला माहीत आहे," ताई म्हणाल्या आणि गमबूट आपटत खाली निघून गेल्या.

तो टाकीच्या ओट्यापाशी उभा होता, हात कुठं ठेवावेत ते न कळल्यासारखा. ती ओट्यावर जाऊन बसली. खाली ट्रकमध्ये सामान चढत होतं. तिला जायचं होतं, आणि तिला तो हवा होता, आणि दोन्ही अगदी सारखंच खरं होतं. जाण्याची आता तिला भीती वाटत नव्हती. जो माणूस खरं बोलून आपल्याला जाऊ देतो, त्याच्याकडे परत येता येतं, हे तिला कळलं होतं.

ती जराशी सरकली आणि आपल्या बाजूची जागा हाताने झाडली.

"काल विचारत होतास ना," ती म्हणाली. "बस."

तो बसला. आधी अंतर राखून, मग खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. खालून ट्रकचा भोंगा वाजला. पुन्हा वाजला. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.